तीन नंबरच्या प्लेटखाली

ही ओळ लिहायचीच नाही, असं सोनाजीनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. रजिस्टर मांडीवर उघडं, पेनाचं टोपण दातात, आणि समोर त्रेसष्ट वर्षांचा गोरा माणूस गाल फरशीला टेकवून मशीनच्या पायाखाली टॉर्च मारत होता. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा पुन्हा सरकला होता. सकाळी सातला बरोबर मध्यात होता. आता दुपारचे अडीच.

"लिही," लिवियो खालूनच म्हणाला. "दोन रेघा. डावीकडं."

सोनाजीनं लिहिलं. १७ डिसेंबर २००७, अडीच वाजता, दोन रेघा डावीकडं. पुढं 'कारण' नावाचा रकाना होता. त्यात गेले अकरा दिवस तो एकच लिहीत आला होता : शोध चालू. आजही हात तेच लिहायला निघाला आणि कागदाला टेकायच्या आत थांबला.

कारण त्याला ठाऊक होतं. पाच दिवसांपासून ठाऊक होतं.

वाळूजच्या त्या कारखान्यात हे ग्राइंडिंग मशीन इटलीहून जुनंच आणलेलं होतं. ते बसवून द्यायला त्या मशीनच्याच वयाचा माणूस पाठवला होता, तो लिवियो. सोनाजी ठेकेदाराकडचा फिटर. दहावीला गणितात गेला तेव्हापासून शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, पण मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं वाचून वाचून इंग्रजी शिकला होता. लिवियोची इंग्रजीही अशीच कुठं कुठं वेचलेली. दोघांचं मोडकंतोडकं एकाच जागी मोडलेलं, त्यामुळं जमून गेलं. महिन्याभरात सगळं खातं लिवियोला 'मामा' म्हणायला लागलं, आणि मामा काय म्हणतोय ते कळायला सोनाजी लागायचा.

नोव्हेंबरात पाया भरला त्या दिवशी लिवियो पोट बिघडून हॉटेलात पडून होता. त्या जागेवर आधी एक जुनं प्रेस होतं. त्यानं कडूबाची दोन बोटं खाल्ली होती. कडूबा आता पाया भरायचा माल कालवायचा, उरलेल्या आठ बोटांनी.

"सोन्या, पायाच्या खड्ड्यात कायतरी घाल बाबा," तो म्हणाला होता. "ही जागा माणूस मागती."

"इटलीचं मशीन हाय कडूबाबा. त्याला काय कळतंय?"

"मशीन इटलीचं. जमीन तर वाळूजचीच हाय नं?"

सोनाजीची नजर कडूबाच्या हाताकडं गेली होती. दुपारच्या सुट्टीत त्यानं एक सुपारी आणि हळकुंड आणलं, खणाच्या लाल तुकड्यात बांधलं. ते खड्ड्याच्या तळाला जायला पाहिजे होतं. पण तो येईपर्यंत माल ओतून झाला होता आणि आवळायला लागला होता. मोकळी जागा उरली होती ती मशीन ज्यांवर बसणार होतं त्यांतल्या तीन नंबरच्या लोखंडी प्लेटखाली, अंगठ्याएवढी. त्यानं पुरचुंडी तिथं दाबली, वरून प्लेट ठेवली, हात जोडले. मग विसरून गेला.

मशीन चालू झालं आणि लेव्हल धरेना. सकाळी बरोबर, दुपारी वाकडं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बरोबर. लिवियोनं बेअरिंगं उघडून बघितली, बोल्ट सैल करून पुन्हा आवळले, पत्र्यावरच्या उन्हाला दोष दिला. पाच दिवसांपूर्वी त्याला तीन नंबरच्या प्लेटच्या कडेनं ओघळ दिसला. मशीनवर सोडायचं दुधासारखं पाणी तिथून झिरपत होतं आणि गुलाबी दिसत होतं. त्यानं बोट बुडवून सोनाजीसमोर धरलं.

"गंज?"

खणाचा रंग सुटला होता. सोनाजीला झटक्यात सगळं कळलं. मशीन चाललं की पाणी आत जातंय, सुपारी फुगतेय. रात्रभर वाळतेय, पुन्हा बसतेय.

"गंज," तो म्हणाला.

चूक एक आणि खोटं एक. चुकीचं त्याला इतकं वाटलं नाही.

कायम करायच्या कामगारांची यादी एक जानेवारीला लागणार होती. चार वर्षं ठेक्यावर काढल्यावर पहिल्यांदा त्याचं नाव त्यात होतं. देखभाल खात्याच्या तात्यासाहेबांनी स्वतः तसं सांगितलं होतं. आणि त्याच तात्यासाहेबांनी लिवियोलाही सांगून ठेवलं होतं की सलग आठ तास मशीन लेव्हलमध्ये चाललं तरच सही, आणि सही झाली तरच परतीचं तिकीट. तिकीट एकोणीसचं होतं. एकोणीस चुकली तर पुढचं नाताळानंतर.

लिवियोला वीस तारखेला घरी असायचंच होतं. का, ते अख्ख्या खात्यात एकट्या सोनाजीला नीट माहीत होतं. भाकरीवरून निघालं होतं ते.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सोनाजीनं डबा उघडला होता. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. हॉटेलच्या तेलाला भ्यालेल्या लिवियोनं भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला, कोरडाच चावला. मग कशाची आहे म्हणून विचारलं. सोनाजीला इंग्रजी नाव येईना, म्हणून त्यानं त्याला भिंतीपाशी नेलं. कारखान्याच्या भिंतीपलीकडं एका माणसानं अजून जमीन विकली नव्हती. त्यात शाळू उभा होता, निसवायला आलेला.

लिवियोनं हात लांबवून एक ताट वाकवलं आणि मोठ्यानं हसला.

"सज्जीना! आमच्याकडं याचे झाडू करतात."

मागून आलेल्या कडूबाला सोनाजीनं ते मराठीत सांगितलं. कडूबा कंबरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"आमची भाकरी ती यांचा झाडू? मग खात्यात काय हे, खराटा?"

हे उलटं लिवियोला सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पण त्या दिवसापासून तो रोज सोनाजीच्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊ लागला, आणि सोनाजीची आई दोन जास्त द्यायला लागली. खाता खाता तो घरचं सांगायचा. राजमा, बटाटा आणि आंबवलेला कोबी घालून केलेलं आंबट कालवण. नाताळाला अक्रोड भरून, गुंडाळी करून भाजलेला गोड पाव. त्या पावाला त्याच्या आईच्या घरी एक नाव आणि मावशीच्या घरी दुसरं. मधे चालत वीस मिनिटांचा रस्ता.

गावाचं नाव गोरित्सिया. इटलीच्या अगदी काठावरचं. मोठी लढाई संपली आणि सत्तेचाळीस साली कुठंतरी लांब बसलेल्या साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. ती गावातून गेली. शिपाई चुन्याची डबडी घेऊन आले आणि अंगणातून, वावरातून पांढरे पट्टे मारत गेले. आईचं घर इटलीत राहिलं. मावशीचं, म्हणजे झोराचं, दुसऱ्या देशात. झोराचं तिसरं बाळंतपण झालं तेव्हा दोघी बहिणी तारेच्या जाळीतून एकमेकींशी बोलल्या. बाळ जाळीशी धरून दाखवलं.

"मग पन्नास साल. ऑगस्ट. रविवार," लिवियोनं बोटं मोजत सांगितलं होतं. "मी सहा वर्षांचा. तिकडच्या लोकांनी फाटकाशी गर्दी केली. शेकडो, हजारो. शिपायांनी अडवलं, मग बाजूला झाले. का झाले, कुणाला ठाऊक नाही. सगळे आत आले. आमच्या दुकानदारांनी रविवार असून दुकानं उघडली. आणि लोकांनी काय घेतलं, सांग."

"सोनं?"

"झाडू. तिकडं झाडू मिळत नव्हते. संध्याकाळी सगळे परत निघाले, खांद्यावर झाडू. झोरामावशी पण. आईकडं बसली दोन तास, जेवली, रडली, आणि झाडू घेऊन गेली. परत गेल्यावर शिपायानं विचारलं, कशाला गेली होतीस? ती म्हणाली, झाडू आणायला."

पुढं कधीतरी पास मिळायला लागले, मग पासपोर्ट. झोरामावशी यायची. आई मात्र गेली नाही. बहिणीच्या घरी जायला मी शिपायाला कागद दाखवणार नाही, लहानपणी दाखवत होते का, असं म्हणायची. साठ वर्षं म्हणत राहिली. आता दोन्ही देशांचं ठरून वीस तारखेच्या मध्यरात्री फाटकावरची तपासणी कायमची उठणार होती. एकवीसला सकाळी ती चालत जाणार होती. वय अठ्ठ्याऐंशी. लिवियो एकुलता एक, आणि ती त्याच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाचा हात धरणार नव्हती.

"तिकडं मावशीनं अक्रोड फोडायला घेतलेत," तो म्हणाला होता.

तेव्हा सोनाजीनंही बोलता बोलता आपलं सांगितलं. त्याचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. वर निजामाचं राज्य होतं आणि घाट उतरला की खाली इंग्रजाचा खानदेश. घाटमाथ्यावर निजामाचा जकात नाका होता. आता छप्पर नाही, शेरडं बसतात. त्याच्या पणज्याचे दोन मुलगे, एक वर राहिला, एक खाली सासऱ्याच्या शेतावर गेला. रझाकार गावात घुसले तेव्हा वरचं सगळं घरदार, लहानथोर अकरा माणसं, रातोरात घाट उतरून खालच्या भावाकडं गेलं. तिथं चार महिने राहिलं.

"भावानं ठेवलं. चांगला भाऊ," लिवियो म्हणाला.

"चांगला होता. पण त्याची सून आली होती नवी, दगडाबाई. अठरा-वीस वर्षांची असंल. ती एका संध्याकाळी चुलीपाशी म्हणाली, आज किती जणांच्या भाकरी टाकू? माझी आजी, कस्तुराबाई, दारातच होती. आमच्यात भाकरी मोजत नसतात मामा. मोजली म्हणजे खाणारा जड झाला. आजी म्हणाली, आमच्या भाकरी मोजायला लागले का? तशीच उठली. सगळ्यांना घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन राहिली. पंधरा दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, हे लोक वर आले. त्यानंतर तिथं आमचं कुणी जेवलं नाय."

"कुणीच?"

"मयतीला जाऊन आलेत. पाणी पिऊन. जेवलं नाय."

"किती लांब आहे ते?"

"बसनं पाऊण तास."

"आणि मधे फाटक?"

"नाय. अठ्ठेचाळीसलाच गेलं."

लिवियोनं भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

*

अडीचचे पावणेतीन झाले. लिवियो उठून बसला, चष्मा काढून पुसला. हाताला ग्रीस, त्यामुळं काच आणखी मळली.

"मी आईला फोन करतो," तो म्हणाला. "सांगतो, नाताळानंतर."

"थांबा मामा."

सोनाजीनं रकान्यात लिहिलं. मराठीतच लिहिलं, कारण इंग्रजीत शब्द जुळवत बसला असता तर पुन्हा मन फिरलं असतं. 'तीन नंबरच्या प्लेटखाली सुपारी व हळकुंड आहे. मी ठेवले. पाण्याने फुगते. सोनाजी.' मग ते लिवियोसमोर धरून एकेक शब्दावर बोट ठेवत त्याला समजावलं. सुपारी म्हणजे काय, ते सांगायला वेळ गेला. शेवटी खात्यातल्या एकाच्या खिशातून सुपारी काढून दाखवावी लागली.

लिवियोनं ती हातात घेतली, नखानं टोचून बघितली.

"आणि तो गंज?"

"गंज नव्हता."

"पाच दिवस."

"व्हय."

लिवियोच्या मानेवर लाली चढली. त्यानं पाना उचलला तेव्हा सोनाजीला वाटलं, आता फेकणार. पण तो प्लेटचा बोल्ट सोडवायला लागला. सोनाजीनं जॅक लावला. अर्ध्या तासानं प्लेट सुटली. खाली लाल चिंधीचा चोथा होता, हळकुंडाचा पिवळा लगदा, आणि दुपटीनं फुगलेली, कडेनं चिरलेली सुपारी. लिवियोनं ती चिमट्यानं बाहेर काढून फरशीवर ठेवली.

"का ठेवली?"

सोनाजीनं कडूबाकडं बोट केलं. कडूबा खांबाशी उभा होता. त्यानं न सांगताच हात वर केला आणि आठ बोटं पसरली.

लिवियो त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं प्लेटखालची जागा घासून कोरडी केली, नवा माल भरला, लवकर आवळणारा. तो आवळेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच झाले आणि तात्यासाहेब खात्यात आले.

तात्यासाहेब मूळ घरंदाज शेतकरी, शंभर एकरांतले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी फरशीवरची सुपारी बघितली, सुटलेली प्लेट बघितली.

"हे काय हाय?"

लिवियो सोनाजीकडं वळला. "त्यांना सांग, प्लेट नीट बसली नव्हती. तपासायचं काम माझं होतं. माझी चूक. असंच सांग."

तात्यासाहेब वाट बघत होते. सोनाजीनं आयुष्यात इतक्या वेळा याचं त्याला आणि त्याचं याला करून सांगितलं होतं, पण कुणी त्याच्यासाठी खोटं बोलायचं आणि ते त्यानंच पोचवायचं, हे पहिल्यांदा घडत होतं.

"साहेब, मामा म्हणत्यात त्यांची चूक हाय," तो म्हणाला. "त्यांना तसं म्हणू द्या. तुम्ही हे वाचा."

आणि रजिस्टर पुढं केलं.

तात्यासाहेबांनी ओळ वाचली. मग पान उलटून मागचे अकरा दिवसही वाचले. आसपास हातोड्याचे आवाज होते ते हळूहळू कमी झाले.

"एक तारखेच्या यादीत तुझं नाव होतं, सोनाजी."

"व्हय साहेब."

"होतं," ते पुन्हा म्हणाले आणि ओळीखाली सही केली. निघता निघता थांबले. खिशातला रुमाल काढून कडूबाकडं टाकला. "कडूबा, ती सुपारी उचल. कचऱ्यात नको घालू. वर पॅनेलच्या डोक्यावर ठेवून दे, जिथं पाणी लागत नाय तिथं."

"ठेवतो साहेब."

"आणि नवी आण. ती फुटलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चाचणी चालू झाली. दुपारी अडीचला लिवियोनं लेव्हलवर डोळा लावला आणि सोनाजीला बोलावलं. बुडबुडा मध्यात होता. चारला मध्यात होता. सव्वाचारला सह्या झाल्या. दोघांनी डबा खाल्ला नव्हता, तो आता खाल्ला. भाकरी वातड झाली होती.

*

एकोणीसला सकाळी विमानतळाची गाडी फाटकाशी उभी होती. सोनाजी क्रांती चौकातून सिटी बसनं आला तोच बगलेत कागदात गुंडाळलेली केरसुणी घेऊन. बसमधल्या एका बाईनं विचारलंही होतं, दिवाळी होऊन महिना झाला, आता कुठं लक्ष्मी नेतो?

"मावशीसाठी," तो लिवियोला म्हणाला. "आमच्यात दिवाळीला हिची पूजा करत्यात. पाय लावत नाय."

लिवियोनं कागद उलगडला. शिंदीच्या पानांची केरसुणी, मुठीला घट्ट वळलेली, सोनाजीच्या आईनं वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. त्यानं ती नाकाशी नेली, जशी पहिल्यांदा भाकरी नेली होती. मग बॅगेत घालून बघितली, आडवी, तिरपी. अर्धी बाहेर राहिली.

"मुंबईला अडवतील," तो म्हणाला. "तिकडं तर नक्कीच. पाला, गवत काही नेऊ देत नाहीत."

"मग राहू द्या."

"नाही. परत घरी नेऊ नको." लिवियोनं कागद पुन्हा गुंडाळला आणि केरसुणी सोनाजीच्या हातात ठेवली. त्याची बोटं वरच राहू दिली. "ती खालची बाई. भाकरीवाली. जिवंत आहे?"

"दगडाबाई? हाय म्हणत्यात. नजर गेलीय."

"तुला यादीतून काढलं माझ्या तिकिटासाठी. मी काय देणार? माझ्याकडं एवढंच आहे." तो शब्द जुळवत थांबला. "ही तिला नेऊन दे. कुणी विचारलं कशाला आलास, तर तुझ्याकडं उत्तर आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. फाटकाच्या आत कडूबा आठ बोटांचा हात हलवत होता आणि ओरडत होता, "मामा, पुढच्या बारीला खराटा घेऊन या, आमटीत कुस्करू!"

"काय म्हणतोय तो?"

"नीट जावा म्हणतोय."

लिवियो गाडीत बसला, काच खाली केली. सोनाजीनं केरसुणी या बगलेतून त्या बगलेत घेतली. घरी आप्पा, त्याचे वडील, काय म्हणतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. आजी गेली तरी तिचा शब्द आप्पांनी सोडला नव्हता.

"एकवीसला शुक्रवार आहे," लिवियो म्हणाला. "सकाळी नऊला आम्ही फाटकातून जाऊ. तुमच्याकडं दुपार असेल."

"दुपारी मी घाटाखाली असंन, मामा."

"दारातून परत येशील. पाणी पिऊन."

गाडी पुढं सरकायला लागली. सोनाजी तिच्याबरोबर चार पावलं चालला.

"जेवून यीन," तो म्हणाला. "किती टाकू म्हणून विचारलं, तर आकडा सांगंन."